उशाशी बसणारी बाई

“अंक येतात का गं तुला?” मी विचारलं.

द्वारका ऑपरेशनच्या टेबलावर आडवी पडली होती आणि डोळे ताणून मागं माझ्याकडे बघत होती. मी तिच्या उशाशी स्टुलावर बसले होते. उशाशी बसणारीला माणूस नेहमी उलटा दिसतो, हनुवटी वर आणि कपाळ खाली. विसापर्यंत येतात म्हणाली. मी म्हटलं, मग वीस झाले की पुन्हा पहिल्यापासून म्हण, इथं कुणी मार्क देत नाही. तेवढ्यावर ती जराशी हसली. सतरा वर्षांची पोर, हसली की हिरड्या दिसायच्या.

हे एकोणीसशे एकोणसत्तर सालचं, फेब्रुवारीतलं. आमचा मिशनचा दवाखाना तालुक्याच्या गावाबाहेर माळावर होता. मी तिथं नर्स, मंजुळा हिवाळे, वय एकोणतीस वर्षं दहा महिने. महिने मुद्दाम सांगते, कारण माझं सगळं घोडं त्या महिन्यांपाशी अडलं होतं.

भूल द्यायला मला मिस ॲलननं शिकवलं. नाकातोंडावर जाळीचा मुखवटा ठेवायचा, त्यावर पातळ कापड, आणि बाटलीतून ईथर थेंब थेंब सोडायचं. डावा हात जबड्याखाली, करंगळी तिथल्या नाडीवर, डोळे छातीवर. मी “घ्या” म्हटल्याशिवाय आमचे डॉक्टर साळवे सुरीला हात लावत नसत. मिस ॲलन म्हातारी झाली आणि कायमची मायदेशी गेली. तेव्हापासून दोन वर्षं त्या दवाखान्यात जो जो झोपला तो माझ्या हातून झोपला. सहाशेच्या वर माणसं असतील. पण त्याचा एक कागद माझ्याकडे नव्हता. लोक मला भूलवाली बाई म्हणत, आणि डॉक्टर साळव्यांना उद्या कुणी शिकलेला भूलतज्ज्ञ मिळाला असता तर मी परत वॉर्डात बेडपॅन धुवायला मोकळी.

आणि एक सांगते, भूलवाल्या बाईला कुणी नसतं. झोपताना माणूस माझा हात असा धरतो की वळ उठावेत. उठल्यावर मात्र आई कुठाय, डॉक्टर कुठायत. मला कुणी ओळखत नाही. बाजारात भेटले तर बायका डॉक्टरांना नमस्कार सांगा म्हणायच्या आणि पुढं जायच्या. माझ्याबरोबरच्या नर्सा म्हणायच्या, मंजुळा आता डॉक्टरीण झाली. माझी जेवायची वेळ त्यांच्याशी जुळेना, मग त्यांनी ताट झाकून ठेवणंही सोडलं. मिस ॲलन होती तोवर संध्याकाळी तिच्या व्हरांड्यात दोन शब्द व्हायचे. ती गेल्यावर मी रविवारी चर्चमध्ये गाणी म्हणायचे, तेवढाच माझा आवाज माझ्या कानावर पडायचा. मला राग लवकर येतो, माणसं तोडायची मला कलाच आहे, ते मी नाकारत नाही. पण एकटं पडणं आणि एकटं राहणं यांत फरक असतो.

तर दक्षिणेतल्या एका मोठ्या मिशन दवाखान्यात नर्सांसाठी भूल देण्याचा वर्षाचा अभ्यासक्रम होता. पास झालं की रीतसर दाखला. आमच्या भागाला एकच जागा, आणि शिफारशीच्या तारखेला तिशी ओलांडलेली चालत नसे. त्यासाठी तिथले डॉक्टर वर्की आमच्याकडे दोन दिवस आले होते. बुटके, सावळे, कुणाशी जादा बोलणं नाही. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवायचे आणि माझ्या बोटांकडे बघत बसायचे. पाच रोगी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते शिफारशीवर सही करत नसत. चार झाले होते. पाचवी द्वारका. तिच्यामागं यादीत कुणी नव्हतं, आणि वर्कींना दुपारच्या गाडीवर सोडायला जीप बारा वाजता निघणार होती. म्हणजे द्वारका नीट झाली तर मी दक्षिणेत गेले, नाही झाली तर जन्मभर भूलवाली बाई. हे मला ठाऊक होतं आणि डॉक्टर साळव्यांनाही. सकाळी हात धुताना ते नुसतं म्हणाले, “सिस्टर, आज नीट.”

द्वारकाच्या पोटात गाठ होती. अंडाशयाची, साधीच, पण मोठी. पोट दिसायला लागलं तशी गावात कुजबुज सुरू झाली. बाप नव्हता. चुलत्यानं वैशाखात लग्न ठरवलं होतं, आणि सोयऱ्यांच्या कानावर काही जायच्या आत ती गाठ निघायला हवी होती. तिची आई साळूबाई, काटकुळी बाई, चार दिवसांपासून दवाखान्याच्या मागच्या आवारात तीन दगडांची चूल मांडून राहिली होती. रोग्यांचे नातेवाईक तिथंच रांधायचे. गावात माझ्या पोरीचं नाव गेलंय, तेवढं परत आणून द्या, एवढंच ती येईल त्या डॉक्टरला सांगायची.

आदल्या संध्याकाळी मी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं की रात्री आठनंतर पोटात काही जाता कामा नये. का ते पण सांगितलं. भुलेत उलटी झाली तर ती छातीत जाते. साळूबाईनं मान डोलावली. सकाळी पुन्हा विचारलं तर पाण्याचा थेंब न्हाई म्हणाली, आणि द्वारकानं आईकडे बघून मान हलवली.

टेबलावर मी तिला तोंड उघडायला लावलं, दात पाहिले. कुठला हलत नव्हता. आई बाहेरच हाय ना, तिनं विचारलं. मी म्हटलं, आहे, कुठं जातेय. मुखवटा ठेवला, थेंब सुरू केले. तिनं वीस केले, पुन्हा वीस केले, तिसऱ्यांदा अकरावर जीभ जड झाली. थोडी धडपडली, मग श्वास एका लयीत आला. डॉक्टर वर्कींनी घड्याळाकडे पाहिलं. मी “घ्या” म्हटलं.

गाठ नारळाएवढी निघाली. डॉक्टर साळव्यांचा हात त्या दिवशी फार सफाईनं चालला होता. मी अधूनमधून नाडी सांगत होते. पाऊण तास झाला, पोट शिवायला घेतलं, आणि मला मनातल्या मनात आनंद व्हायला लागला. खोटं कशाला सांगू, मी दक्षिणेत पोचले होते.

तेवढ्यात तिचा गळा हलला. छाती एकदा उचलली गेली आणि मुखवट्याच्या कापडाखालून तपकिरी पाणी आलं. मी मुखवटा फेकला, टेबल डोक्याकडून खाली करायला ओरडले, तिचं तोंड वळवलं, बोटं घालून काढायला लागले. वर्की उडी मारून आले आणि पायानं दाबून घशातलं ओढून काढायचं यंत्र त्यांनी स्वतः चालवलं. द्वारका निळी पडली, मग राखेसारखी झाली, मग बऱ्याच वेळानं पुन्हा श्वास आला. घरघरणारा, पण आला. साळव्यांनी कसेबसे टाके पुरे केले.

मी जे बाहेर काढलं होतं त्यातला एक तुकडा साळव्यांनी कापसावर घेतला आणि उजेडात धरला. आमच्याकडच्या कुणालाही ते सांगावं लागलं नसतं. शेंगोळं होतं. हुलग्याच्या पिठाचं, हातावर वळलेलं, नुसतं गिळलेलं. वर्कींना कळेना हे काय, तर साळवे म्हणाले, खाणं आहे, सकाळचं.

साळूबाईला आत बोलावलं. ती दारातच उभी राहिली. साळव्यांनी तो कापूस तिच्यापुढं धरला तसा तिनं पदर तोंडाशी नेला. मग कुणी विचारायच्या आत बोलली.

“दोन दिस झालं मागत व्हती. आई, शेंगोळं कर, आई, शेंगोळं कर. त्या फळकुटावरनं उठंल का न्हाई कुणाला ठावं. मनात वासना ऱ्हायली तर जीव घुटमळत ऱ्हातो. म्हणून पहाटं करून दिलं. चारच घास दिलं, सायेब.”

आमच्या भागात ही रीत आहे. कठीण प्रसंगाला निघालेल्या माणसाला त्याच्या मनातलं खाऊ घालायचं, इच्छा मागं ठेवायची नाही. मी त्याच भागातली, मला ते ठाऊक होतं. तरी आदल्या दिवशी मी फक्त पोटाबद्दल बोलले. मनातलं काय, ते मला सुचलं नाही.

डॉक्टर वर्कींची गाडी गेली. ते राहिले. तीन दिवस ते आणि मी द्वारकाच्या खाटेपाशी होतो. ताप चढत गेला, छाती भरत गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. शुद्धीवर आली होती मधे दोनदा. दोन्ही वेळा आईलाच शोधत होती.

आवारात जे झालं ते मी खिडकीतून पाहिलं. चुलता सगळ्यांसमोर साळूबाईला म्हणाला की तूच मारलीस, हातानं मारलीस. कुणी त्याला अडवलं नाही. ती चुलीच्या दगडांपाशी बसून राहिली. प्रेताला हात लावायला उठली तर जावेनं तिला मागं सारलं.

संध्याकाळी वर्कींनी मला ऑफिसात बोलावलं. ते इंग्रजीत हळूहळू बोलत, मला समजावं म्हणून. रोग्याला विचारलं होतंस का? मी म्हटलं, दोनदा विचारलं होतं सर, दोघींना. दोघी नाही म्हणाल्या. संशय यावा असं काही दिसलं होतं का? मी म्हटलं, नाही सर. त्यांनी ते लिहिलं. मग चष्मा काढून म्हणाले की रोगीच खोटं बोलला तर आपण काय करणार. संकटात तुझा हात डगमगला नाही, हे मी पाहिलं, आणि ते शिफारशीत लिहिणार आहे. तशी ओळ त्यांनी खरंच लिहिली. मला जागा मिळाली ती त्या ओळीवर मिळाली, असं पुढं तिकडच्या ऑफिसातल्या कारकुनानं मला सांगितलं.

त्यानंतर तीस वर्षं मी भूल दिली. वेगवेगळ्या मिशन दवाखान्यांत, दाखला भिंतीला लावून. बाटलीतलं ईथर गेलं, यंत्रं आली, कमरेतलं इंजेक्शन आलं, पुढं पुढं शिकलेले डॉक्टर आले आणि मी त्यांच्या हाताखाली काम केलं. किती माणसं झोपवली याचा हिशेब मी ठेवला नाही. निरोपाच्या समारंभात एक तरुण डॉक्टर माझी नक्कल करून गेला. हिवाळे सिस्टर रोग्याच्या तोंडाचा वास घेतल्याशिवाय मुखवटा लावत नाहीत, म्हणाला. एका आमदाराच्या आईला त्यांनी वेलदोड्याच्या वासावरून टेबलावरून खाली उतरवलं होतं. सगळे हसले, मीही हसले. ही खोड कुठून लागली ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. आज मी बासष्ट वर्षांची आहे, एका खोलीत राहते, आणि विचारणारं कुणीच नाही. म्हणून आपणहून सांगते.

मघाशी म्हटलं ना, मी द्वारकाला तोंड उघडायला लावलं आणि दात पाहिले, तिथं मी एक गोष्ट गाळली. तिच्या तोंडाला लसणाचा वास आला. भक्कन आला. ताज्या, तेलात तळलेल्या लसणाचा. मी वाकलेली होते, माझं नाक तिच्या ओठांपासून वीतभर. तिला कळलं मला कळलं ते, कारण तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं आणि डोळे माझ्यावर रोखले. पोर मला विनवत होती, की बाई, आईचं नाव सांगू नका. आणि मी स्वतःशी म्हटलं, लसूण काय, रात्रीचाही असू शकतो. मी मान वर केली. डॉक्टर वर्कींचं घड्याळ मांडीवर होतं, साडेदहा व्हायला आले होते. आज थांबायचं एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. उद्या सकाळी तीच पोर, तीच गाठ, काही बिघडलं नसतं. बिघडलं असतं ते माझं. मी मुखवटा ठेवला.

मग त्याच वर्षी जूनमध्ये साळूबाई आली.

मी दुसऱ्या दिवशी निघणार होते. नर्सांच्या चाळीतल्या माझ्या खोलीत ट्रंक उघडी होती, खाटेवर कपड्यांच्या घड्या. दारात कुणी उभं राहिलेलं दिसलं. आधी ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. सात कोस चालत आली होती. मी आत ये म्हटलं, पाणी दिलं. तिनं भांडं हातात धरलं आणि तसंच ठेवलं.

भावकीनं तिला वेगळं काढलं होतं. ते तिनं रडून नाही सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. म्हणाली, माझ्या हातचं आता कुणी खात न्हाई. लेकराबाळाच्या बारशालासुद्धा मला चुलीपाशी जाऊ देत न्हाईत. रात्री दोन भाकऱ्या करते, त्यातली एक कुत्र्याला घालते. कुत्रं तेवढं खातं.

मी तिला देवाची इच्छा म्हटलं. ख्रिस्ती नर्सच्या तोंडी हे वाक्य आयतं असतं. तिनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि ज्यासाठी आली होती ते विचारलं.

“बाई, येक इचारू? तुमी तिच्या तोंडापाशी व्हता. वास न्हवता का आला तुमास्नी? मूठभर लसूण घातला व्हता म्या. तिला लई आवडायचा.”

मी तिच्याकडे पाहिलं. भांडायला आली असती तर मी भांडले असते, मला येतं ते. पण तिच्या चेहऱ्यावर भांडण नव्हतं. आशा होती. एवढी आशा मी कुठल्या रोग्याच्या तोंडावर पाहिली नाही. मी हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. हो म्हटलं असतं तर त्या पोरीला मारणाऱ्या आम्ही दोघी झालो असतो. रात्री भाकरी भाजताना तिला म्हणता आलं असतं, एकट्या माझ्यानं न्हाई झालं, ती बाई पण व्हती.

आणि मला धोका काही नव्हता. जागा मिळाली होती, पत्र ट्रंकेत होतं. तिनं गावात जाऊन सांगितलं असतं तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवणार होतं? माझं कुणी काही वाकडं करू शकलं नसतं. हे सगळं मला तेव्हा, त्या क्षणी, स्वच्छ कळत होतं. तिच्याइतकी मला जवळची बाई दुसरी कुणी असणार नव्हती, हेही कळत होतं.

“नाही,” मी म्हटलं. “नाही आला.”

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

“मंग माझं येकलीचंच म्हणायचं,” ती म्हणाली.

भांड्यातलं पाणी तिनं आता पिऊन टाकलं आणि उठली. दारापाशी वळून तिनं उघड्या ट्रंकेकडे पाहिलं, कुठं निघालात विचारलं. मी सांगितलं, दूर, भूल द्यायचं शिकायला. तिला ते पटलं. जवळ येऊन तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

“जावा बाई. नीट शिकून या. आमच्यावाणी येड्या आया लई असत्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी गेले.